सातपैकी सहा गोल बचावपटूंचे, मग लाक्राला सोडायचं कसं?

१ फेब्रुवारी २०२५, रुरकेला. हॉकी इंडिया लीगची फायनल, हैदराबाद तूफान्स विरुद्ध श्राची रार बंगाल टायगर्स. नवव्या मिनिटाला हैदराबाद पुढे. पंचविसाव्याला बंगालची बरोबरी. सव्विसाव्याला हैदराबाद पुन्हा पुढे. मग बत्तीस, पस्तीस, एकोणचाळीस, आणि चोपन्नाव्या मिनिटाला बंगालचा चौथा गोल. ४-३. करंडक कोलकात्याला, उपविजेतेपद हैदराबादला.

आता गोल करणाऱ्यांची नावं वाचा. बंगालच्या जुगराज सिंगची हॅटट्रिक. जुगराज बचावपटू. हैदराबादच्या गोन्झालो पेइलाटचे दोन. तोही बचावपटू. आणि सव्विसाव्या मिनिटाचा तो गोल अमनदीप लाक्राचा. तिसरा बचावपटू, तिघांत सगळ्यात तरुण. ज्यांना गोल अडवण्याचे पैसे मिळतात त्यांनी सातपैकी सहा गोल मारले! उरलेला एक न्यूझीलंडच्या सॅम लेनचा. फायनलमध्ये गोल मारणारा तो एकटा आघाडीपटू, आणि करंडक नेमका त्याच्याच गोलावर ठरला. नशीब म्हणतात ते हे.

लीगमध्ये कुणाला ठेवायचं नि कुणाला मोकळं करायचं याची यादी काढायची वेळ आली, की प्रत्येक संघाच्या बैठकीत एक तरी अमनदीप लाक्रा असतो. तरुण, गुणी, पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग-फ्लिक मारणारा, पण अजून ‘मोठं नाव’ न झालेला बचावपटू. ठेवावं तर पैसे अडकतात. सोडावं तर दुसरा उचलून नेतो आणि पुढच्या वर्षी आपल्याच गोलात मारतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: ठेवावं. आता त्यामागची गमतीजमतीची शिदोरी सोडू.

सगळ्यात महाग कोण? मागे उभा राहणारा

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत तीन दिवस लिलाव चालला. पुरुषांत सर्वाधिक बोली लागली हरमनप्रीत सिंगवर, ७८ लाख, सूरमा हॉकी क्लबची. बचावपटू. महिलांत सर्वाधिक उदिता दुहानवर, ३२ लाख, बंगालची. बचावपटू. परदेशी खेळाडूंत सर्वाधिक पेइलाटवर, ६८ लाख, हैदराबादची. पुन्हा बचावपटूच.

उदिता तर आधी हँडबॉल खेळायची. हॉकीत आली ती आघाडीपटू म्हणून, आणि नंतर तिला मागे आणलं. पुढून मागे आल्यावर भाव वाढला अशी उदाहरणं क्रिकेटमध्ये शोधून दाखवा.

आकड्यांचा एक निव्वळ योगायोगही आहे. २०१३च्या पहिल्या लीगसाठी झालेल्या लिलावात सर्वात महाग ठरला होता सरदार सिंग, ७८ हजार डॉलरना. तेव्हाच्या दराने साधारण ४२ लाख रुपये. अकरा-बारा वर्षांनी हरमनप्रीत ७८ लाखांना. अठ्ठ्याहत्तर तेच, मागे लागलेलं परिमाण बदललं.

सेहेचाळीस सेंटिमीटरची भानगड

बचावपटू गोल कसे मारतात, हे एकदा जवळून बघू. पेनल्टी कॉर्नर मिळाला की बचाव करणाऱ्या संघाचे गोलरक्षक धरून फक्त पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. चेहऱ्यावर मुखवटे, गुडघ्यांना पॅड. गोलखांबापासून दहा मीटरवरून एक जण चेंडू आत ढकलतो. ‘डी’च्या बाहेर दुसरा तो स्टिक आडवी घालून जागेवर थांबवतो. तिसरा, म्हणजे आपला फ्लिकर, लांब ढांग टाकत येतो, जवळजवळ जमिनीला टेकेल इतका खाली वाकतो, चेंडू स्टिकच्या बाकात घेऊन फरफटत नेतो आणि अंगाच्या पिळासकट सोडून देतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग. आणि समोरून ‘फर्स्ट रशर’ नावाचा एक शूर गडी सरळ त्या चेंडूच्या दिशेनेच पळत येत असतो! हॉकीत सगळ्यात कमी गाजणारी आणि सगळ्यात धोक्याची नोकरी कुठली, असं कुणी विचारलं तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन. तोही बहुतेक वेळा बचावपटूच.

मेख पुढे आहे. कॉर्नरवर पहिला फटका ‘हिट’ असेल तर चेंडू गोलरेषेवर ४६० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, म्हणजे गोलातल्या मागच्या फळीएवढाच. पण फ्लिक किंवा पुश असेल तर ही अट नाही. गोल २.१४ मीटर उंच आणि ३.६६ मीटर रुंद. हिट मारणाऱ्याला त्यातली खालची पट्टी मिळते, फ्लिक मारणाऱ्याला अख्खं दार. ड्रॅग-फ्लिकचा सगळा धंदा या एका फरकावर उभा राहिला. मग फ्लिकर मंडळींनी चेंडू नीट बसावा म्हणून स्टिकला जास्त जास्त बाक द्यायला सुरुवात केली, आणि शेवटी नियमवाल्यांना बाकाची कमाल मर्यादा २५ मिलिमीटर करून टाकावी लागली.

हे काम बचावपटूंकडेच का? एक कारण साधं आहे. भक्कम मांड्या, कमरेत ताकद, आणि सामन्यात आघाडीपटूइतकं सतत झपाट्याने पळायचं नसल्यामुळे पायात शिल्लक राहिलेला दम. दुसरं कारण परंपरा. आंतरराष्ट्रीय हॉकीत ३४८ गोल करून विक्रम केला तो पाकिस्तानच्या सोहेल अब्बासने, आणि तो फुलबॅक. ऑक्टोबर २००४ मध्ये त्याने ज्याचा जुना विक्रम मोडला तो नेदरलँड्सचा पॉल लिट्‌येन्स, तोही बचावपटू. विक्रम मोडला कुठे? आपल्या अमृतसरमध्ये, भारताविरुद्ध.

एक मैदानी गोल म्हणजे दोन

लीगने मध्यंतरी या फ्लिकरांचा भाव पाडूनही बघितला होता. २०१६ आणि २०१७च्या मोसमांत नियम असा, की मैदानी गोल झाला तर तो दोन धरायचा, पेनल्टी कॉर्नरचा एकच. हेतू चांगला होता, कॉर्नर मागत बसण्यापेक्षा खेळून गोल करा. पण फ्लिकरची अवस्था बघा. वर्षभर घाम गाळून जी कला कमावली, तिचा दर रातोरात निम्मा. तो नियम आता नाही, आणि म्हणून लाक्रासारख्यांचं मोल पुन्हा पूर्ववत. नियम बदलला की तिजोरीतला खेळाडू स्वस्त होतो हा धोका मात्र करार करताना कुणी बोलून दाखवत नाही.

एकाच संघात दोन फ्लिकर

हैदराबादपुढची खरी अडचण ही. चेंडू एक, कॉर्नर एक, फ्लिकर दोन. आणि पहिला आहे पेइलाट. त्याची कुंडली तर कादंबरीला पुरेल. जन्म १९९२, ब्युनोस आयर्स. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला सुवर्ण, आणि स्पर्धेत सर्वाधिक ११ गोल त्याचे. उपांत्य सामन्यात त्याने हॅटट्रिक मारली ती जर्मनीविरुद्ध. पुढे गडी गेला कुठे? जर्मनीकडूनच खेळायला! २०२३च्या विश्वचषकात भुवनेश्वरला उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, आणि मग जगज्जेतेपद. ज्यांच्या तोंडचा घास काढला त्यांच्याच पंगतीला जाऊन बसला, आणि त्यांनी वाढलंही आनंदाने.

६ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये जर्मनीने भारताला उपांत्य फेरीत ३-२ हरवलं, त्यात जर्मनीचा पहिला गोल पेइलाटचा. दोन महिन्यांनी लिलाव, आणि त्या सामन्यात आपल्याकडून खेळलेला सुमित हैदराबादचा कर्णधार, तर पेइलाट त्याच्याच संघातला सर्वात महाग गडी. सुमितसाठी तूफान्सनी ४६ लाख मोजले होते. बिचाऱ्या सुमितचं दुर्दैव असं, की पॅरिसला जर्मनीचा निर्णायक गोल झाला चोपन्नाव्या मिनिटाला, आणि रुरकेलाला सॅम लेनचाही चोपन्नाव्याच. या मिनिटाशी त्याचं काही जुनं वैर असावं.

आता लाक्रा. डिसेंबर २०२३ मध्ये क्वालालंपूरला ज्युनिअर विश्वचषकात भारताने कॅनडाला १०-१ धुतलं. त्यात लाक्राचे दोन गोल होते. त्याच सामन्यात महाराष्ट्राच्या आदित्य अर्जुन लालगेचेही दोन, पण आपल्या वर्तमानपत्रांनी त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली असं काही आठवत नाही. असो. तेरा-चौदा महिन्यांत लाक्रा २१ वर्षांखालच्या संघातून थेट लीगच्या फायनलमध्ये गोल मारण्यापर्यंत आला, आणि तोही पेइलाट संघात असताना. लोक म्हणतात, दोन फ्लिकर म्हणजे एक बिनकामाचा. मला उलट वाटतं. समोरचा गोलरक्षक आणि तो पळत येणारा रशर एकाच माणसाचा अभ्यास करून आलेले असतात. दोन मारणारे उभे राहिले की अर्ध्या सेकंदाचा घोटाळा होतो, आणि कॉर्नरवर अर्धा सेकंद म्हणजे चिकार वेळ.

शिवाय पेइलाट काही दहा वर्षं हैदराबादला येत राहणार नाही. त्याच्याकडून उचलायचं ते आत्ताच उचलायला हवं, आणि ते शिकवणीचे पैसे संघाने ६८ लाखांत भरलेलेच आहेत. विद्यार्थी सोडून द्यायचा आणि मास्तर ठेवायचा, याला व्यवहार म्हणत नाहीत.

चार कोटींचा संसार

सात वर्षांच्या खंडानंतर लीग परतली त्या २०२४-२५च्या मोसमात पुरुषांच्या प्रत्येक संघाला लिलावासाठी पर्स ४ कोटींची. त्यात २४ खेळाडू घ्यायचे: ८ परदेशी, १६ भारतीय, आणि त्या सोळांत किमान चार ज्युनिअर. सरासरी काढली तर माणशी साडेसोळा लाखांच्या आसपास. एकटा पेइलाट पर्सच्या १७ टक्के. त्यात सुमित मिळवला तर दोघांत १ कोटी १४ लाख, म्हणजे पाव हिस्स्याहून जास्त, आणि बावीस जण अजून घ्यायचेत. आता पुढच्या वर्षी लाक्राचा आकडा वर चढवायचा तर तो कुणाच्या तरी पानातून काढावा लागणार.

हैदराबादचीच दुसरी तिजोरी शेजारी ठेवून बघा. सनरायझर्सनी २०२५च्या आयपीएलसाठी हाइनरिक क्लासेन या एका खेळाडूला कायम ठेवायला २३ कोटी दिले. म्हणजे एका क्लासेनमध्ये पावणेसहा तूफान्स संघांची पर्स! कर्णधार पॅट कमिन्सला १८ कोटी, तो क्लासेनपेक्षा स्वस्त. हॉकीवाल्याने हे वाचू नये, उगाच जेवण जात नाही.

हॉकीच्या त्या लिलावात ज्युनिअरांचा भावही कळला. आघाडीपटू अराइजीत सिंग हुंदालवर टीम गोनासिकाने ४२ लाख लावले. फायनल गाजवणारा बंगालचा जुगराज ४८ लाखांचा. म्हणजे गोल करणारा पोरगा बाजारात आला की बोली तीस-चाळीसवर जायला वेळ लागत नाही. लाक्राला सोडून पुन्हा लिलावातून घेऊ, ही चलाखी महागात पडायची ती इथे.

मोसम संपताना सर्वोत्कृष्ट गोलरक्षक ठरला तूफान्सचा बिक्रमजीत सिंग, आणि उगवत्या खेळाडूचा मान मिळाला त्याच संघाच्या अर्शदीप सिंगला. अर्शदीप आघाडीपटू. बक्षिसं वाटताना डोळे पुढे असतात किंवा थेट गोलात. मधल्या माणसाने किती पास कापले, किती वेळा समोरच्याला रेषेकडे ढकलत नेऊन कोन बंद केला, याला करंडक नाही. म्हणून लाक्रासारख्याची किंमत करताना त्याचे गोल मोजायचे ते सोपं म्हणून मोजतात. जाणकार प्रशिक्षक गोल बाजूला ठेवून विचारतो: हा पोरगा चेंडू हातात नसताना कुठे उभा असतो?

करार नव्हते तेव्हा नोकऱ्या होत्या

लिलाव, पर्स, रिटेन्शन हे सगळं अलीकडचं. आधी गुणी खेळाडू आपल्याकडे ठेवायचा तर एकच करार असायचा, क्रीडा कोट्यातली नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, लष्कर, विमान कंपन्या. खडकीचा धनराज पिल्ले मुंबईत आला तो महिंद्र अँड महिंद्रकडून खेळायला, आणि मग इंडियन एअरलाइन्सने त्याला उचललं. हैदराबादचा मुकेश कुमार, १९९२, १९९६ आणि २००० अशी तीन ऑलिंपिकं खेळलेला, तोही इंडियन एअरलाइन्सचाच. फुलबॅक दिलीप तिर्कीही तिथेच. पगार सगळ्यांना श्रेणीप्रमाणे, आणि पळवापळवी बढतीच्या आश्वासनावर. पेन्शन हाच काय तो दीर्घ मुदतीचा करार. आजच्या पोरांना ४२ लाख दिसतात, पण खेळ संपल्यावरचा पुढचा तीस वर्षांचा पगार त्या आकड्यात नसतो. म्हणून लीगमध्ये खेळणारी बहुतेक मंडळी आजही नोकरी सोडत नाहीत, आणि शहाणपणाचं तेच आहे.

घर हैदराबाद, अंगण रुरकेला

तूफान्सबद्दलची सगळ्यात मजेशीर गोष्ट ही, की २०२४-२५च्या मोसमात या संघाने हैदराबादमध्ये एकही सामना खेळला नाही. पुरुषांची सगळी लीग रुरकेला आणि रांचीत. पुढच्या मोसमाला चेन्नई, रांची, भुवनेश्वर. चारमिनारपासून हजारेक किलोमीटर लांब बसून ‘आमचा संघ’ म्हणायचं. रुरकेलाचं बिरसा मुंडा स्टेडियम आहे मात्र तोलामोलाचं. २०,०११ आसनं, गिनेसमध्ये नोंद.

आणि हेच हैदराबाद एकेकाळी अख्खी लीग भरवत होतं. २००५ साली प्रीमियर हॉकी लीगचा पहिला मोसम गचिबावलीला झाला, आणि पहिलं विजेतेपद घेतलं हैदराबाद सुलतान्सनी. कर्णधार कोण? फुलबॅक दिलीप तिर्की! चारशेहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला हा माणूस आज हॉकी इंडियाचा अध्यक्ष आहे. म्हणजे हैदराबादचा पहिला हॉकी सुलतान बचावपटूच होता, हे तूफान्सच्या मालकांना कुणीतरी फ्रेम करून द्यावं. त्या लीगमध्ये आपला मराठा वॉरियर्स संघही होता, धनराजचा. आणि ती लीग काळाच्या पुढे होती. साडेसतरा मिनिटांचे चार भाग, मध्ये टाइम-आऊट. आंतरराष्ट्रीय हॉकीने चार भागांची पद्धत स्वीकारली ती सप्टेंबर २०१४ मध्ये.

त्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ मध्ये, अफ्रो-आशियाई क्रीडास्पर्धा याच शहरात झाल्या, आणि पुरुष हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला ३-१ हरवलं. अजून मागे जायचं तर सय्यद मोहम्मद हादी. रणजी करंडकातलं पहिलं शतक या हैदराबादी माणसाचं. शिवाय डेव्हिस कपमध्ये टेनिस, आणि हॉकीतही पट्टीचा. सात खेळांत तरबेज म्हणून टोपणनाव ‘रेनबो हादी’. १९५६पर्यंत नांदेड, परभणी, औरंगाबाद हैदराबाद राज्यातच होती, तेव्हा मराठवाड्यातल्या आजोबांच्या हिशेबी हा हादी गाववालाच.

मुंबईने हा डाव दोनदा खेळलाय

फ्लिकर बचावपटूवर पैसे लावायचा पहिला डाव २०१३चा. मुंबई मॅजिशियन्सनी संदीप सिंगला ६४,४०० डॉलरना घेतलं. ड्रॅग-फ्लिकर, बचावपटू, पूर्वीचा भारताचा कर्णधार, आणि २००६ मध्ये रेल्वेत चुकून सुटलेली गोळी लागून अंथरुणाला खिळूनही मैदानात परतलेला. संदीपने त्या लीगमध्ये सर्वाधिक ११ गोल केले. आणि मुंबई? शेवटून पहिली. गोलांवरून बचावपटू विकत घेऊ नये याचा याहून चोख पुरावा नाही.

दुसरा डाव २०१५चा. तोवर मॅजिशियन्स गेले होते, दबंग मुंबई आली होती. तिने एका १९ वर्षांच्या पोरावर ५१ हजार डॉलर लावले. भुवया उंचावल्या. पोराचं नाव हरमनप्रीत सिंग. तोच, जो पुढे तीनदा जगातला सर्वोत्तम हॉकीपटू ठरला आणि पॅरिसला दहा गोल मारून आला. २०१७ मध्ये दबंग मुंबई फायनलला पोहोचली, कलिंगा लान्सर्सकडून हरली. आणि मग लीगच बंद पडली. सात वर्षांनी सुरू झाली तेव्हा आठ संघांत मुंबईचं, किंबहुना महाराष्ट्राचं, नावच नव्हतं. हिरा ओळखला, पण ठेवायला तिजोरीच उरली नाही.

बर्फावरही हेच भांडण

आइस हॉकीत, उत्तर अमेरिकेच्या एनएचएलमध्ये, तरुण बचावपटूला ठेवायचं की नाही यावर अख्खी शहरं भांडतात. माँट्रियलचा पी. के. सुब्बन मोसमाचे पहिले सामने घरी बसून राहिला, आणि जानेवारी २०१३ मध्ये दोन वर्षांच्या, एकूण साडेसत्तावन्न लाख डॉलरच्या करारावर तयार झाला. क्लबला वाटलं, घासाघीस जिंकलो. त्याच मोसमात सुब्बनने सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक घेतला, आणि २०१४ मध्ये माँट्रियलला आठ वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलर मोजावे लागले. आधीच मोठा करार केला असता तर?

तिकडे नॅशविलच्या शे वेबरला २०१२ मध्ये फिलाडेल्फियाने चौदा वर्षांचा ११ कोटी डॉलरचा प्रस्ताव दिला. नॅशविलने दात-ओठ खात तेवढीच रक्कम देऊन त्याला रोखलं. आणि २०१६ मध्ये गंमत झाली. माँट्रियलने सुब्बन दिला, नॅशविलने वेबर दिला. एवढ्या भांडून ठेवलेल्या दोन बचावपटूंची सरळ अदलाबदल!

आणि गाडी घसरते कुठे

ठेवण्याच्या बाजूने इतकं बोललो, तर विरुद्ध बाजूही ऐका. बंगालच्या जुगराजच्या आधी भारतीय हॉकीत आणखी एक जुगराज सिंग होता. तोही बचावपटू, तोही ड्रॅग-फ्लिकर, विशीतच जगात नाव झालेला. सप्टेंबर २००३ मध्ये मोटार अपघात झाला आणि ती कारकीर्द तिथेच मोडली. पुढे तो प्रशिक्षक झाला. तरुण खेळाडूचा लांबचा करार म्हणजे त्याच्या गुडघ्यांवर आणि घोट्यांवर लावलेली बोली, हे खरंच आहे.

दुसरा धोका खेळाडूचा नव्हे, मालकांचा. २०२६च्या मोसमाआधी यूपी रुद्राज या संघाने अंग काढून घेतलं. मग लीगच्या संचालन समितीनेच तो संघ ‘एचआयएल जीसी’ नावाने चालवला. जगात असा संघ विरळाच, ज्याचं नावच समितीचं! टीम गोनासिकाही गेली, तिच्या जागी रांची रॉयल्स आली. तेव्हा उद्या तूफान्सनी लाक्राशी तीन वर्षांचा करार केला, तर आधी लीगला, मग मालकांना, आणि शेवटी लाक्राला विचारायला हवं की तुम्ही तीन वर्षं आहात ना?

माझा हिशेब असा. पेइलाटवरचे १७ टक्के हळूहळू खाली आणायचे, आणि लाक्राला सरासरीच्या वर पण सुमितच्या ४६ लाखांच्या बरंच खाली बसवायचं. वीस ते पंचवीस लाखांत तो राहत असेल तर कागद पुढे करा. पस्तीसच्या वर कुणी गेलं तर मात्र मीही हात आखडीन, कारण त्या पैशांत गोलासमोर उभं राहून गोल अडवणारे दोघं मिळतात, आणि हैदराबाद फायनल हरलं ते चार गोल खाल्ल्यामुळे. तीन मारूनही.